पन्नास पावलांचा किनारा
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या माळव्यात, शंभर वर्षे मराठी पुस्तके सांभाळणाऱ्या या वास्तूत, एका बेटाच्या किनाऱ्याविषयी व्याख्यान व्हावे हे प्रथमदर्शनी काहीसे अप्रस्तुत वाटेल. परंतु महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या माणसांना मॉरिशस हे नाव परके नाही. १९९१ साली जागतिक मराठी परिषद तेथे भरली, तेव्हा हिंदी महासागरातल्या त्या चिमुकल्या देशात आपल्याच रक्ताची, आपल्याच आडनावांच्या खुणा बाळगणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, याची जाणीव पुष्कळांना नव्याने झाली. १८३४ पासून पुढे सुमारे पाच लाख हिंदी मजूर पोर्ट लुईच्या घाटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या बाजूंची मराठी कुटुंबेही होती. उसाच्या मळ्यांत त्यांनी घाम गाळला, आणि आज तेथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

त्या स्थलांतराचा इतिहास पुष्कळदा सांगितला गेला आहे. आजचा विषय त्याहून निराळा, पण त्या माणसांच्या रोजच्या जगण्याशी अगदी निगडित असा आहे. ज्या भूमीवर ती स्थिरावली त्या भूमीची कड कोणाची, ती कशाने टिकते आणि कशाने खचते, हा तो विषय. पर्यटन कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत मॉरिशसचा किनारा म्हणजे पांढरी वाळू, निळे पाणी आणि नवपरिणीत जोडपे. या चित्रात खोटे काही नाही; मात्र ती वाळू येते कोठून, आणि जोडप्याच्या पाठीमागची जमीन कोणत्या कायद्याने कोणाच्या ताब्यात आहे, हे चित्रात दिसत नाही.

मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या इंदूर जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. किनाऱ्याची लांबी सुमारे ३२२ किलोमीटर. बेट ज्वालामुखीतून वर आलेले, त्यामुळे दगड आपल्या माळव्यातल्या आणि दख्खनच्या पठारावरच्या दगडासारखाच काळा कातळ. मग काळ्या दगडाच्या बेटाला पांढरी वाळू कशी? आपल्याकडे नद्यांनी डोंगर झिजवून आणलेली वाळू किनाऱ्याला मिळते. मॉरिशसच्या नद्या आखूड, त्यांनी आणलेला गाळ काळपट आणि थोडा. पुळणीवरची पांढरी वाळू जवळजवळ सगळी समुद्रातल्या जिवांनी तयार केलेली आहे. प्रवाळांचे झिजलेले सांगाडे, शंखशिंपल्यांचा चुरा, चुनखडी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचे तुकडे आणि प्रवाळ कुरतडून त्याची पूड मागे सोडणाऱ्या पोपटमाशांची करणी, या सगळ्यांतून ती कणाकणाने साचते. ही वाळू खनिज संपत्तीत मोडत नाही. ती एक प्रकारचे पीक आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

हे पीक येते ते शेत म्हणजे प्रवाळभिंत आणि तिच्या आतले उथळ पाणी. या पाण्याला तिकडे फ्रेंच शब्दाने लगून म्हणतात. सुमारे १५० किलोमीटर लांबीची प्रवाळभिंत बेटाला वेढून आहे आणि तिच्या आत अंदाजे २४३ चौरस किलोमीटरचे लगून पसरले आहे. महासागराची लाट हजारो मैल धावत येते आणि भिंतीवर फुटते. आत पोहोचते ती तिची शक्ती ओसरलेली, गुडघाभर पाण्यात मुलांना खेळता यावे इतकी सौम्य. जेथे नदीचे गोडे पाणी समुद्राला मिळते तेथे प्रवाळ वाढत नाही, म्हणून भिंतीला खिंडी पडल्या आहेत. त्यांतूनच कोळ्यांच्या होड्या बाहेर जातात. आणि दक्षिणेस सुयाक गावाजवळ ग्रि ग्रि नावाची जागा आहे, तेथे भिंतच नाही. तेथे लाट थेट काळ्या कड्यावर आदळते आणि कडा पोखरत जाते. प्रवाळभिंत नसती तर सगळे बेट कसे दिसले असते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ग्रि ग्रिच्या कड्यावर अर्धा तास उभे राहावे. किनारासंरक्षणाचा पहिला धडा तेथे कोणत्याही ग्रंथाशिवाय मिळतो.

एवढे समजल्यावर पुढची गोष्ट क्लेशदायक वाटते. हे पीक मॉरिशसने कित्येक वर्षे खणून विकले. जुन्या काळी प्रवाळ भट्टीत भाजून चुना करीत. बांधकामाला आणि साखरेच्या शुद्धीकरणाला तो लागे. पुढे सिमेंटची घरे वाढली, आणि १९६० व १९७५ सालच्या कॅरोल आणि जर्व्हेझ या भीषण चक्रीवादळांनी गवताची, पत्र्याची, लाकडाची घरे उडवून नेल्यावर प्रत्येकाला पक्के छप्पर हवेसे झाले. त्यात गैर ते काय? ज्याचे घर एकदा वाऱ्याने नेले त्याला वाळू मोजायला सांगणे सोपे नसते. त्या पक्क्या घरांसाठी लगूनमधली वाळू निघू लागली. पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर माएबूर, पूद्र दोर अशा ठिकाणी माणसे होड्यांतून लगूनमध्ये जात, वाळू काढून होडी काठोकाठ भरत आणि ती धक्क्यावर आणून रिकामी करीत. दरवर्षी लाखो टन वाळू अशी गेली. वादळापासून संरक्षण देणारे घर बांधण्यासाठी वादळापासून संरक्षण देणारी पुळण खणायची, असा हा व्यवहार होता, आणि तो करणाऱ्यांपैकी कोणीही दुष्ट नव्हते.

ऑक्टोबर २००१ पासून लगूनमधून वाळू काढण्यास सरकारने बंदी घातली. बांधकामाला पर्याय म्हणून काळा कातळ भरडून केलेली दगडी वाळू आली. आज तेथील घरे तिच्यातूनच उभी राहतात. बंदीने ज्यांची रोजी गेली त्या वाळूवाल्यांना भरपाई देण्यात आली. पिढीजात धंदा बंद झालेल्या माणसाला एकरकमी पैसे पुरे पडतात काय, हा प्रश्न मॉरिशसपुरता नाही. मात्र एक गोष्ट नमूद केली पाहिजे: किनारा वाचविण्याच्या धोरणाची पहिली मोठी किंमत सर्वांत गरीब माणसाने मोजली. ज्यांची हॉटेले त्याच वाळूवर उभी होती त्यांना त्या वेळी काही सोडावे लागले नाही.

आता हॉटेले आणि जमीन यांकडे वळू. येथे इतिहासाची एक मौजेची गाठ आहे. फ्रेंच अंमलात हे बेट इल द फ्रान्स म्हणून ओळखले जाई. इंग्रजांचे आरमार केव्हाही येईल अशी भीती होती. म्हणून किनाऱ्यालगतची एक पट्टी राज्याने स्वतःकडे राखून ठेवली. तोफांचे मोर्चे बांधता यावेत आणि सैन्याला किनाऱ्याने हलता यावे, हा हेतू. ही पट्टी किती रुंद? पन्नास ‘भौमितिक पावले’. एक पाऊल पाच फ्रेंच फुटांचे, म्हणून अडीचशे फूट, आणि आजच्या मापाने ८१ मीटर २१ सेंटीमीटर. १८०७ साली गव्हर्नर देकां याने या पट्टीविषयीचा हुकूम काढला. तीनच वर्षांनी, १८१० च्या डिसेंबरात, बेट इंग्रजांच्या हाती गेले. तोफा निरुपयोगी ठरल्या. पट्टी मात्र राहिली. इंग्रजांनी तहात फ्रेंच कायदे कायम ठेवले, आणि १८९५ साली या पट्टीसाठी स्वतंत्र कायदाही केला. भरतीच्या, त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या, पाण्याच्या रेषेपासून निदान ८१ मीटर २१ सेंटीमीटर जमीन राज्याची, असे कायदा सांगतो. मॉरिशसमध्ये आजही या पट्टीला फ्रेंचमध्ये ‘पा जेओमेत्रिक’ असेच म्हणतात.

शत्रूला अडविण्यासाठी आखलेली ही रेषा नकळत एका वेगळ्याच कामाला आली. तिच्यामुळे किनाऱ्याची जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली नाही. जगातल्या पुष्कळ बेटांना हे भाग्य लाभलेले नाही. परंतु मालकी राज्याची राहिली तरी वापर राज्याचाच राहतो असे नाही. ही जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्याची पद्धत पडली. प्रथम मळेवाल्या श्रीमंतांनी समुद्रकाठी सुट्टीचे बंगले बांधले. त्यांना तेथे ‘कांपमां’ म्हणतात. मग विमाने आली, हॉटेले आली. २०१८ साली सुमारे चौदा लाख प्रवासी या बेटावर आले, म्हणजे लोकसंख्येहून अधिक. या शतकाच्या पहिल्या दशकात कायदा बदलून साठ वर्षांपर्यंतचे पट्टे देण्याची सोय झाली. जी पट्टी तोफांसाठी होती तिच्यावर आता खाटा आणि छत्र्या मांडल्या आहेत.

यात सामान्य माणूस कोठे? पाण्याची भरती जेथवर पोहोचते तेथवरचा समुद्रकाठ सार्वजनिक आहे. हॉटेलापुढच्या ओल्या वाळूवरून चालणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही. शिवाय राज्याने शंभराहून अधिक जागा ‘सार्वजनिक पुळण’ म्हणून जाहीर केल्या आहेत, आणि २००२ च्या कायद्याने त्यांच्या व्यवस्थेसाठी एक प्राधिकरणही नेमले आहे. रविवारी कुटुंबेच्या कुटुंबे बसने येतात, झाडाखाली चटया पसरतात, बिर्याणीची पातेली उघडतात, गाणी होतात. ज्याचे घर बेटाच्या मध्यावरच्या गावात आहे, ज्याला ‘कांपमां’ परवडत नाही, त्याची समुद्राशी ओळख एवढीच. पश्चिम किनाऱ्यालगतच्या कास्काव्हेलसारख्या गावांत मराठी वस्ती आहे. तेथील कुटुंबांना गणपती विसर्जनासाठी नदी तरी हवी, नाही तर समुद्र. डोक्यावर मूर्ती घेऊन पाण्यापर्यंत जाण्यास वाट राहील की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुरता केवळ भावनेचा नाही.

वाट राहील की नाही, ही शंका निराधारही नाही. सार्वजनिक म्हणून जाहीर केलेली पुळण पुन्हा यादीतून वगळून हॉटेलास देता येते, आणि तसे घडलेही आहे. दक्षिण किनाऱ्यावरच्या पोम्पोनेत येथील पुळणीवरून २०१० नंतरच्या दशकात मोठा वाद पेटला. तरुण मंडळींनी कुंपणापुढे धरणे धरले. त्यांच्या चळवळीचे नाव क्रेओल भाषेत आहे, आणि त्याचा अर्थ ‘आमची पुळण चोरणे थांबवा’ असा होतो. कायद्याच्या भाषेत ही चोरी नव्हेच. सर्व काही कागदोपत्री झालेले. चोरी हा शब्द कागद न वाचणाऱ्या माणसाचा आहे, आणि म्हणूनच तो सरकारला अधिक झोंबला असावा.

मालकीची रेषा कोठे, हा झाला अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग समुद्र स्वतः ठरवितो. वाळू जाऊ लागली की माणसाला पहिली सुचते ती भिंत. मॉरिशसमध्ये काळ्या दगडाला तोटा नाही. तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून त्या किनाऱ्यावर एकावर एक रचण्याचा प्रकार तेथे ठिकठिकाणी झाला. दिसायला हे मोठे भक्कम दिसते. पण लाटेचा स्वभाव असा की उतरत्या वाळूवर ती पसरते, दमते आणि वाळू तेथेच सोडून मागे जाते. उभ्या भिंतीवर मात्र ती आपटते आणि परतताना भिंतीच्या पायथ्याची वाळू घेऊन जाते. त्यामुळे भिंतीमागची जमीन काही काळ वाचते आणि भिंतीपुढची पुळण नाहीशी होते. शिवाय भिंत जेथे संपते त्याच्या शेजाऱ्याची जमीन दुप्पट वेगाने खचू लागते, मग तोही भिंत बांधतो. खाऱ्या पाण्याने जाळीची तार गंजते, दगड निखळून वाळूत पसरतात आणि अनवाणी चालणाऱ्याला ते लागतात.

२००३ साली बेअर्ड या कॅनडातील सल्लागार संस्थेने सरकारसाठी किनाऱ्याच्या धुपीचा मोठा अभ्यास केला. त्या सुमारापासून धोरणाची दिशा बदलू लागली. नव्या इमारतींनी भरतीरेषेपासून निदान ३० मीटर मागे राहावे, असा दंडक घालण्यात आला. हा दंडक दिसायला अगदी साधा आहे, पण त्यात एक मूलगामी कबुली दडलेली आहे. पुळण ही हलणारी वस्तू आहे, वादळात ती मागे येते आणि शांत ऋतूत पुन्हा पुढे जाते. तिला हलण्यास जागा दिली तरच ती जगते, हे यात मान्य झाले. दुर्दैवाने ज्यांनी आधीच पाण्याच्या काठाशी पायऱ्या बांधल्या होत्या त्यांना हा दंडक मागे ओढू शकत नाही.

झाडांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. आपल्या कोकणात पुळणीवर सुरूची बने आहेत. मॉरिशसच्या किनाऱ्यावरही वर्षानुवर्षे सुरूच लावली गेली. तेथे तिला ‘फिलाओ’ म्हणतात. भराभर वाढणारी, वारा अडविणारी, रविवारच्या सावलीसाठी तर फारच सोयीची. परंतु सुरूच्या मुळांची पकड वरवरची, आणि तिच्या गळलेल्या काड्यांचा थर एवढा दाट की खाली दुसरे काही उगवत नाही. लाट बुंध्यापर्यंत आली की मुळे उघडी पडतात आणि झाड वाळूचा मोठा गोळा घेऊनच कोसळते. फ्लिक आं फ्लाकच्या पुळणीवर अशी उघडी पडलेली मुळे कोणालाही पाहता येतात. याउलट तेथली मूळची वनस्पती म्हणजे वाळूवर पसरणारी एक वेल आणि तिच्यामागे बुटकी, जाड पानांची झुडपे. ही वेल तेथे ‘बातात्रां’ या नावाने ओळखली जाते. गुलाबी-जांभळ्या फुलांची, आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली पाने असलेली ही वेल कोकणच्या पुळणीवरही सर्वत्र आहे, आणि मराठीत तिचे नाव मर्यादवेल. समुद्राने कोठवर यावे याची मर्यादा दाखविणारी म्हणून मर्यादवेल. ज्या कोणा कोळणीने किंवा शेतकऱ्याने हे नाव प्रथम दिले त्याला सल्लागार संस्थेचा अहवाल वाचण्याची गरज नव्हती! या वेलीचे काम असे की ती उडती वाळू पानांखाली धरते, तिची छोटी टेकडी होते आणि वादळात समुद्राने वाळू मागितली तर देण्यास काही शिल्लक राहते. सुरू तोडून वेल आणि झुडपे लावा असे तज्ज्ञ सांगतात. रविवारी चटई घेऊन आलेले कुटुंब विचारते, मग सावली कोठली? दोघांचेही बरोबर आहे.

भिंत न बांधता काय करता येते, याचे काही प्रयोगही झाले. राष्ट्रसंघाच्या हवामान करारांतर्गत स्थापन झालेल्या एका निधीतून सुमारे ९१ लाख डॉलरचा प्रकल्प २०१२ च्या सुमारास सुरू झाला. त्यासाठी तीन जागा निवडल्या गेल्या, आणि तिन्हींचे दुखणे वेगळे. वायव्येकडचे मों श्वाझी म्हणजे लोकप्रिय सार्वजनिक पुळण. तेथे पाण्याखाली लाटांचा जोर तोडणारी रचना योजली गेली. आग्नेयेस कात्र सेर हे समुद्रसपाटीशी लागून असलेले गाव. तेथे उथळ पाण्यात कांदळाची रोपे लावली गेली आणि उंचावर एक आश्रयगृह उभारले गेले. उधाणाचे पाणी घरात शिरू लागले की माणसांनी तेथे जावे. दक्षिणेचे रिव्हिएर दे गाले, म्हणजे शब्दशः ‘गोट्यांची नदी’, हे कष्टकरी माणसांचे गाव. २००७ च्या मे महिन्यात दूर दक्षिणेतल्या वादळातून उठलेल्या प्रचंड लाटा कोणताही पाऊसवारा नसताना या गावावर येऊन आदळल्या. येथे मात्र भिंतीवाचून गत्यंतर नव्हते. भिंत वाईट असे म्हणणे हॉटेलाच्या बागेबद्दल शोभते. जेथे भिंतीपलीकडे माणसाची चूल आहे तेथे हिशेब बदलतो.

कांदळाविषयी दोन शब्द. या बेटावर त्याच्या दोनच जाती. सरपणासाठी आणि होड्यांना वाट करण्यासाठी जुन्या काळी तो भरपूर तोडला गेला. १९९० च्या दशकापासून सरकारने लागवड सुरू केली, आणि आज कायद्याने त्याची तोड बंद आहे. आग्नेय किनाऱ्यावर त्याने पुन्हा चांगला जीव धरला. आणि नेमक्या त्याच किनाऱ्यावर २०२० सालचे संकट आले.

२५ जुलै २०२० च्या संध्याकाळी ‘वाकाशिओ’ नावाचे जपानी मालकीचे, पनामाचे निशाण लावलेले अवाढव्य मालवाहू जहाज प्वांत देस्नी येथे प्रवाळभिंतीवर चढले. त्यात माल नव्हता, पण इंधनाचे सुमारे चार हजार टन तेल होते. बारा दिवस जहाज तसेच रुतून राहिले, आणि ६ ऑगस्टला तेल बाहेर येऊ लागले. जवळजवळ एक हजार टन तेल लगूनमध्ये पसरले. शेजारी ब्लू बेचे सागरी उद्यान, इल ओ झेग्रेत हे दुर्मीळ पक्ष्यांचे आणि वनस्पतींचे राखीव बेट, आणि पुढे माएबूरपासून जुन्या ग्रां पोरपर्यंतची कांदळवने. डच खलाशांनी १५९८ साली प्रथम पाय ठेवला तो याच उपसागरात.

त्यानंतर जे घडले ते सांगण्यासारखे आहे. ऑगस्ट म्हणजे तेथे ऊसतोडणीचा हंगाम. हजारो माणसे माएबूरच्या धक्क्यावर जमली. शेतातून उसाचे पाचट आणले गेले. जाळीच्या आणि कापडाच्या लांब पिशव्यांत ते ठासून भरले गेले. तरंगत राहावे म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या गेल्या. तेल शोषून घेण्यास केस उपयोगी पडतात असे कळल्यावर लोकांनी केस कापून दिले. हे पाचटाचे लांबच लांब वळे कोळ्यांच्या होड्यांनी पाण्यात ओढून नेऊन कांदळवनांपुढे आणि किनाऱ्यापुढे लावले गेले. हे काम अधिकाऱ्यांवर सोडा, असे सरकारने सांगितले. लोक थांबले नाहीत. ज्यांचे पणजोबा याच उसाच्या बंधनात या बेटावर आणले गेले त्यांनी त्याच उसाच्या पाल्याने समुद्र अडविण्याचा प्रयत्न केला. सगळे तेल अडले नाही. कांदळाच्या मुळांवर काळा थर चढलाच, मासेमारी काही महिने बंद राहिली. १५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले. महिनाअखेरीस मेलेले डॉल्फिन किनाऱ्याला लागू लागले आणि २९ ऑगस्टला पोर्ट लुईच्या रस्त्यावर प्रचंड मोर्चा निघाला. बारा दिवस जहाज रुतलेले असता काय केले, एवढाच लोकांचा प्रश्न होता.

माणसे स्वतः पुढे आली तर काय होते, याचे एक शांत उदाहरण याच देशाच्या दुसऱ्या बेटावर आहे. रॉद्रिग्ज हे मुख्य बेटापासून पूर्वेस सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर. स्वतःची प्रादेशिक सभा असलेले, गरीब आणि स्वाभिमानी. तेथे ओहोटीच्या उघड्या प्रवाळावर चालत जाऊन सळईने माकूळ मारणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय, आणि त्यात बायका पुष्कळ. ‘माकूळ’ म्हणजे येथे आठ पायांचा प्राणी समजावा. चालताना प्रवाळ पायाखाली मोडतो आणि पिल्लेच पकडली गेली तर पुढच्या वर्षी हाती काही लागत नाही. २०१२ पासून तेथे दरवर्षी दोन महिने, ऑगस्ट ते ऑक्टोबर, ही शिकार बंद ठेवण्यात येऊ लागली. त्या काळात या कुटुंबांना किनारा स्वच्छ करणे वगैरे दुसरे काम देऊन मजुरी दिली गेली. बंदी उठल्यावर हाती आलेली माकुळे वजनदार निघाली आणि लोकांचा विश्वास बसला. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, मुख्य बेटानेही हीच पद्धत उचलली. वाळूवाल्यांच्या बाबतीत एकदाच पैसे देऊन धंदा कायमचा संपविला गेला. येथे धंदा राहावा म्हणून तो दोन महिने थांबविला गेला, आणि थांबणाऱ्याला पगार मिळाला. दोहोंतला फरक मॉरिशसच्या सरकारी कचेरीत कितपत ओळखला गेला आहे, ते काळच दाखवील.

तथापि काही गोष्टी बेटाच्या हातातच नाहीत. समुद्राचे पाणी तापले की प्रवाळ आपल्या आतले सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. उष्णता टिकली तर मरतो. १९९८ साली हिंदी महासागरातले प्रवाळ फार मोठ्या प्रमाणावर मेले, मालदीव आणि सेशेल्स यांची तर अपरिमित हानी झाली. मॉरिशस त्या वर्षी बरेच बचावले, आणि त्याचे श्रेय ॲनासेल नावाच्या चक्रीवादळाने आणलेल्या ढगांना आणि गार पाण्याला दिले जाते. ज्या वादळांपासून वाचण्यासाठी वाळू खणली त्यांपैकीच एकाने प्रवाळ वाचविला! पण असे वादळ दर वेळी वेळेवर येत नाही. पुढच्या उष्ण वर्षांत मॉरिशसच्या लगूनमध्येही प्रवाळ पांढरा पडला आहे. त्यात उसाच्या शेतांतले खत पाझरून लगूनला मिळते, हॉटेलांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी मिळते, आणि त्या पोषणावर माजणारे शेवाळ मेलेल्या प्रवाळावर नवा प्रवाळ बसू देत नाही. तापमान साऱ्या जगाने वाढविले. खत आणि सांडपाणी मात्र बेटाचे स्वतःचे आहे.

२००५ च्या जानेवारीत छोट्या द्वीपराष्ट्रांची आंतरराष्ट्रीय बैठक पोर्ट लुई येथे भरली होती. त्सुनामीला तीन आठवडेही झाले नव्हते, आणि साऱ्या जगाचे लक्ष या चिमुकल्या देशांकडे वळले होते. त्यानंतर समुद्राची पातळी थांबलेली नाही. आता त्या पन्नास पावलांचा हिशेब पुन्हा करून पाहावा. कायदा अंतर मोजतो ते उधाणाच्या भरतीरेषेपासून. ही रेषा बेटाच्या आत सरकू लागली, तर पट्टीची पुढची कड समुद्र मागे ढकलतो. मागच्या बाजूला मात्र किनारी रस्ता आहे, ऊस आहे, लोकांची घरे आहेत, आणि त्यांच्या हद्दीचे दगड पक्के रोवलेले आहेत. साठ वर्षांच्या पट्ट्यांची मुदत २०६० च्या दशकात संपेल. तोवर हॉटेलांच्या करारपत्रांत क्षेत्रफळाचा आकडा तोच राहील. समुद्र आत आला तर सार्वजनिक पुळणीवर येणाऱ्या माणसाजवळ मात्र करारपत्र नाही. त्याच्या चटईची जागा म्हणजे सुरूच्या उघड्या पडलेल्या मुळांपासून ओल्या वाळूपर्यंत जे काही उरेल तेवढीच.